शेरा

तक्रारवही लांबट आहे, निळ्या पुठ्ठ्याची.
पाच रकाने: क्रमांक, दिनांक, खोली, स्वरूप, शेरा.
शेऱ्याचा रकाना सगळ्यात अरुंद.
छापणाऱ्याला ठाऊक असणार.

मानपाड्याच्या अलीकडे, बावीस मजली, सी विंग.
महापालिकेच्या भाड्याच्या खोल्या.
कुणी रस्तारुंदीत आलेलं,
कुणाला राबोडीच्या धोकादायक इमारतीतून
दोन पिशव्यांसह उतरवलेलं.
करारावर लिहिलंय, तात्पुरते.
तात्पुरत्याला आता बारावं वर्ष,
माझ्यासमोर दोन बारशी झाली तात्पुरत्यात,
आणि भिंतींना रंग द्यायला लेखाशीर्ष नाही,
कारण माणसं तात्पुरती.

खोली ७०४, सुलभा खरटमल.
स्वरूप: ओल.
दिवाळीपासून अकरा वेळा, दर वेळी वेगळं अक्षर.
आधी नातीचं, मग शेजारच्या मुश्ताकचं,
शेवटी तिचं स्वतःचं,
ओ आणि ल यांच्यात बोटभर अंतर,
मधून पाणी जाऊ द्यावं तसं.

मी वर गेले. डाग पिवळट,
स्विचबोर्डाच्या वर जेमतेम दीड वीत.
खाली बादली.
"लिफ्ट बंद असताना चढून आलात," म्हणाली, "बसा आधी."
मी कनिष्ठ अभियंता. बसले.

पाणी वरून येतं हे कळायला अभियंता लागत नाही.
वर ८०४: भाडं थकलं म्हणून
आमच्याच खात्यानं लाख लावून बंद केलेली.
किल्ली स्थावर मालमत्ता विभागात,
ज्यांच्या ड्रॉवरमध्ये ती, ते निवडणुकीच्या कामावर.
मी टिपणी ठेवली. तिच्यावर आलं, चर्चा करावी.
चर्चा केली. तिच्यावर आलं, अंदाजपत्रक सादर करावे.
कशाचं? बंद दाराचं?
पाच महिने गेले.
फाईल मात्र कोरडी ठणठणीत.

शेवटी पंच घेऊन दार उघडलं.
मोरीतला नळ पुरता उघडा.
पाणी नसताना कुणीतरी फिरवून पाहिला असेल,
आलं नाही म्हणून तसाच टाकून
सामान उचललं असेल.
तेव्हापासून रोज सकाळी साडेसहा ते सव्वासात
महापालिकेचं पाणी महापालिकेच्या रिकाम्या खोलीत
अगदी वेळेवर येत होतं.
नहाणीच्या तोंडाशी खेळण्यातलं एक चाक अडकलेलं.
चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा:
रुद्र ४, रुद्र ५, रुद्र ६.
सातची नाही.

"मॅडम, रेघा घासून टाकू?" गोरखनाथ फिटर म्हणाला,
"रंगाआधी घासावंच लागतं."
मी म्हटलं, रंग कुठे मंजूर आहे.

बारा रुपयांचा वॉशर, माझ्या पर्समधून.
नळ बंद. चाक बाहेर. सील पुन्हा.
आणि वहीत, त्या अरुंद रकान्यात,
बऱ्याच महिन्यांनी एक शब्द न दुमडता मावला:
निकाली.

आठवड्यानं सुलभाबाई खाली आली. सात मजले, पायी.
"ओल गेली हो. भिंत वाळतेय, पोपडे निघतायत.
पण मॅडम, ती बादली.
रोज एक भरायची. लादीला, संडासाला.
तुमच्या पाऊण तासात आमचं कधी भागलंय?
आता नेमकी तीच एक कमी पडते."

मी हसले नाही. तीही नाही.
वही तिच्याकडे सरकवली.
तिनं नवा क्रमांक टाकला, तारीख, खोली,
आणि स्वरूपापाशी बराच वेळ थांबली.
मग लिहिलं: पाणी.
शेऱ्याच्या रकान्यावर माझा अंगठा होता.
तो मी उचलला नाही.